न्यू जर्सीत घर घेताना शाळा कशी बघितली: ग्रेटस्कूल्सचा आकडा आणि राज्याचा रिपोर्ट

न्यू जर्सीत घर शोधायला लागलं की पहिल्या दिवसापासून एकच आकडा डोक्यात बसतो, घराच्या फोटोंखाली शाळेच्या नावापुढे लिहिलेला ८ नाहीतर ९. झिलोवर बघा नाहीतर रेडफिनवर (दोन्ही घर शोधायच्या साइट), तो आकडा ग्रेटस्कूल्सचाच असतो, म्हणजे शाळांना १० पैकी रेटिंग देणाऱ्या साइटचा. आम्ही सात महिने घर शोधत होतो, मुलगी तिसरीत, धाकटा पुढच्या वर्षी किंडरगार्टनला, त्यामुळे शाळा आधी आणि किचन, बेसमेंट नंतर असं नवरा-बायकोने ठरवूनच टाकलं होतं. त्यात काय वापरलं आणि काय कामाला आलं ते सविस्तर लिहितेय, कारण मित्रमंडळींपैकी दर दोन महिन्यांनी कोणीतरी हेच विचारतं.

ग्रेटस्कूल्स फुकट आहे, ना-नफा संस्था आहे, १९९८ पासून चालू आहे आणि पटकन यादी बनवायला उत्तम आहे. पण बहुतेक लोक आकडा बघून थांबतात आणि तिथेच घोळ होतो. आकड्यावर क्लिक केलं की आत टेस्ट स्कोअर वेगळे, मुलांची प्रगती वेगळी असं सगळं सुटं दिसतं, ते वाचा. टेस्ट स्कोअरमध्ये शाळेइतकंच घर पण उतरलेलं असतं, आईवडिलांचं शिक्षण, पगार, बाहेरची शिकवणी. आपल्या लोकांची वस्ती जिथे जास्त तिथे निम्मा वर्ग दुसरीपासून कुमॉन नाहीतर रशियन मॅथच्या क्लासला जातो, मग गणिताच्या मार्कांचं श्रेय शाळेला किती द्यायचं? मला हवं होतं ते हे, की मूल जिथे आहे तिथून शाळा त्याला वर्षभरात किती पुढे नेते.

हे कळलं राज्याच्या स्कूल परफॉर्मन्स रिपोर्टमधून. न्यू जर्सीचं शिक्षण खातं दर वर्षी प्रत्येक पब्लिक (म्हणजे सरकारी) शाळेचा हा रिपोर्ट काढतं, तोही फुकट, आणि मला वाटतं घर घेणाऱ्या प्रत्येकाने एक रविवार त्याला द्यावा. त्यात ग्रोथ म्हणून एक आकडा असतो, १ ते ९९ मधला. ज्या मुलांचे आधीचे मार्क सारखे होते त्यांच्याच तुलनेत हे मूल कुठे पोचलं ते बघतात आणि मग शाळेतल्या सगळ्या मुलांचा मधला आकडा देतात, ५० म्हणजे राज्याच्या मध्यावर. आमच्या यादीत एकाच टाउनशिपमधल्या, म्हणजे एकाच गावातल्या, दोन शाळा होत्या, एक ९ वाली, एक ६ वाली. ग्रोथ काढून बघितली तर ६ वाली पुढे! मी दोनदा तपासलं, नवऱ्याला पण बघायला लावलं. दुसरी गोष्ट गैरहजेरी. शाळेचे दिवस १८०, त्यातले १० टक्के म्हणजे १८ किंवा जास्त दिवस जी मुलं येत नाहीत त्यांचं प्रमाण त्यात दिलेलं असतं, आणि शाळेचं वातावरण कसं आहे ते मला त्यावरून जास्त कळलं. शिक्षकांचा सरासरी अनुभव पण असतो, दर वर्षी शिक्षक सोडून जात असतील तर त्याचा अंदाज तिथे येतो. तोटे म्हणाल तर वाचायला जड आहे, माहिती आधीच्या वर्षाची असते आणि चौथीच्या खालच्या मुलांची ग्रोथ त्यात नाही, म्हणजे धाकट्यासाठी काही उपयोग नाही.

आता पत्त्याचं, हे नीट वाचा प्लीज. पत्त्यात प्रिन्सटन लिहिलंय म्हणजे प्रिन्सटनच्या शाळा मिळतील असं अजिबात नाही. पोस्टाची हद्द वेगळी, शाळेची वेगळी, प्रिन्सटन पत्ता असलेली कितीतरी घरं प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर, साउथ ब्रन्सविकमध्ये येतात. राज्यात सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत (आपापल्या हद्दीतल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्था), रस्ता ओलांडला की शाळा बदलते. आम्ही एका घरावर ऑफर टाकायच्या आदल्या दिवशी डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रारला फोन करून घर नंबर सांगितला आणि ते घर दुसऱ्याच शाळेत निघालं. त्याच फोनवर हे पण विचारा की पुढच्या दोन-तीन वर्षांत शाळांच्या हद्दी बदलायचा विचार चाललाय का. आणि बस! आठवीपर्यंत २ मैलांपेक्षा लांब आणि हायस्कूलला अडीच मैलांपेक्षा लांब असाल तरच बस देणं डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे, दोघं नोकरी करत असाल तर हे आधी बघा.

एजंटला शाळेबद्दल विचारलं की तो म्हणतो साइटवर बघा, तेव्हा रागावू नका. घराच्या व्यवहारात वंश, धर्म वगैरेंवरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे कोणाला एखाद्या वस्तीकडे वळवलं असं वाटेल असं बोलायला ते घाबरतात, शाळेबद्दलचं मत पण त्यात येऊ शकतं.

मुलांवर ताण किती आहे हे मात्र कुठल्याच आकड्यात नाही. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो म्हणजे आपल्या लोकांची एकदम आवडती डिस्ट्रिक्ट, तिथे २०१५ मध्ये सुपरिंटेंडंटनी (डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी) मुलांच्या ताणाबद्दल पालकांना १६ पानी पत्र लिहिलं होतं आणि हायस्कूलच्या मिडटर्म, फायनल परीक्षा बंद केल्या होत्या. ते वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते. म्हणून आम्ही डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या दोन मीटिंगला जाऊन बसलो, त्या सगळ्यांना खुल्या असतात, आणि तिथे पालक माइकवर काय बोलतात ते ऐकलं. होमवर्क, गणिताचे ग्रुप, काउन्सेलर किती आहेत, खरे प्रश्न तिथे कळतात. मराठी शाळेत रविवारी मुलांना सोडायला येणाऱ्या पालकांशी बोलले त्याचाही खूप फायदा झाला, विशेषतः ज्यांची मुलं आता दहावी-अकरावीत आहेत त्यांच्याशी.

तर ग्रेटस्कूल्सला माझे ५ पैकी ३ स्टार, राज्याच्या रिपोर्टला साडेचार. घर आम्ही ६ वाल्या शाळेच्या हद्दीत घेतलं. प्रॉपर्टी टॅक्स भरपूर आहे, त्यातला निम्म्याहून जास्त शाळेलाच जातो. लेकीचं पहिलं वर्ष संपत आलंय, सकाळी बसस्टॉपवर ती माझ्या आधी जाऊन उभी असते.