रिटर्न स्लजमध्ये हायपो डोसिंग : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांडपाणी प्रकल्पाच्या क्लॅरिफायरमध्ये (गाळ खाली बसवायची टाकी) स्लज म्हणजे जिवाणूंचा गाळ बसतच नाही, ब्लँकेट (बसलेल्या गाळाचा थर) वर येतंय, वीअरवरून (पाणी बाहेर पडतं ती कड) गाळ चाललाय, असा त्रास ज्यांना आहे त्यांच्यासाठी लिहितोय. आम्ही रिटर्न लाईनवर (बसलेला गाळ परत हवेच्या टाकीत नेणारी लाईन) डोसिंग पंप लावून हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण) द्यायला लागलो त्याला आता बरेच महिने झाले. उपाय चालतो, पण मायक्रोस्कोप नसेल तर याच्या नादी लागू नका.

सुरुवातीला एसव्हीआय (गाळ किती नीट बसतो याचा आकडा, जास्त म्हणजे वाईट) अडीचशेच्या आसपास होता, १५० च्या वर गेला की साधारण बल्किंग (गाळ फुगून न बसणं) धरतात. फिलामेंट (धाग्यांसारखे वाढणारे जिवाणू) फ्लॉकच्या (जिवाणूंच्या गुठळीच्या) बाहेर केसांसारखे लोंबत असतात म्हणून क्लोरीनचा मार आधी त्यांना बसतो आणि आतले चांगले बॅक्टेरिया बऱ्यापैकी वाचतात, सगळं गणित या फरकावरच आहे. दर १००० किलो व्होलाटाइल सॉलिड्समागे (गाळातला सेंद्रिय भाग) दिवसाला २ किलो क्लोरीनपासून सुरू केलं, मग हळूहळू ५ पर्यंत नेलं. हायपोची ताकद उन्हात, गरमीत उतरते त्यामुळे कॅनवरचा आकडा सोडा, लॅबमध्ये अव्हेलेबल क्लोरीन काढूनच डोस ठरवा. आणि डोस रिटर्न पंपाच्या सक्शनला द्या, कच्चं सांडपाणी मिसळतं तिथे दिला तर क्लोरीन त्यातच संपून जातं.

खरी कसोटी थांबायचं कधी याची. फिलामेंट मेले तरी त्यांची रिकामी शीथ (बाहेरची नळीसारखी खोळ) उरते आणि सेटलिंग अडवतच राहते, वेस्टिंगमधून (जास्तीचा गाळ बाहेर काढण्यातून) ती निघून जाईपर्यंत एसव्हीआय लगेच उतरत नाही, आणि नेमका तेव्हाच डोस वाढवायचा मोह होतो. लेन्सखाली बहुतेक शीथ रिकाम्या दिसल्या की आम्ही डोसिंग पंप बंद करायचो. आउटलेटचं पाणी गढूळ झालं, देठवाले सिलिएट (गाळातले सूक्ष्म प्राणी) हलेनासे झाले की समजा डोस जास्त झालाय. नायट्रिफायरपण (अमोनिया खाणारे जिवाणू) नाजूक असतात, त्या दिवसांत अमोनिया रोज बघा.

पण हायपो थांबवलं की काही आठवड्यांत फिलामेंट परत यायचे. आमच्या हवेच्या टँकच्या शेवटी डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मिग्रॅ/लिटर) २ दाखवायचा आणि इनलेटजवळ ०.५ च्या खाली, जिथे लोड सगळ्यात जास्त तिथेच हवा कमी! डिफ्यूझर (तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे) साफ करून हवा त्या टोकाला वळवली तेव्हापासून डोसिंग पंप क्वचितच लागतो.

तपकिरी चिकट फेसाचा त्रास असेल तर मात्र यावर फार भरवसा ठेवू नका. नोकार्डियासारखे फेस करणारे जीव बरेचसे फ्लॉकच्या आत आणि फेसात असतात, रिटर्न लाईनमधलं क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. त्याला फेस वरून काढून सिस्टीमबाहेर टाकणं आणि स्लज एज (गाळ सिस्टीममध्ये सरासरी किती दिवस राहतो) कमी करणं हेच जास्त कामाचं.