मार्केटप्लेसचा सिल्व्हर प्लॅन, चार वर्षं वापरला आणि सोडला

आम्ही दोघं टेक्ससमध्ये. नवऱ्याने 2021 च्या शेवटी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, कंपनीचा इन्शुरन्स गेला, तेव्हापासून हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवरून, म्हणजे मार्केटप्लेसवरून, प्लॅन घेतोय. म्हणजे ओबामाकेअरच, कायद्याचं खरं नाव अफोर्डेबल केअर ॲक्ट. (इथे एकाला शिव्या घालून दुसरं वापरणारे लोक भेटतात, दोन्ही एकच आहे हे माहीतच नसतं.)

चांगलं आधी सांगते. नवऱ्याला डायबेटिस आहे. जुन्या काळी अशा माणसाला स्वतःच्या पैशाने पॉलिसी घ्यायला गेलं तर सरळ नाही म्हणायचे, आता फॉर्मवर आजाराचा प्रश्नच नाही, वय, झिप कोड, घरात किती माणसं, उत्पन्न आणि तंबाखू ओढता का, बस. माझा मॅमोग्राम, त्याची कोलोनोस्कोपी, दोन्हीला एक सेंट लागला नाही.

या फुकट तपासण्यांवरची केसही आमच्याच राज्यातून गेलेली. जून 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने 6-3 मतांनी तपासण्या ठरवणारी समिती टिकवली, पण समितीवर कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं हे आरोग्यमंत्र्याच्या हातात आहे असंही सांगितलं, त्यामुळे धाकधूक आहेच. त्याआधी या कायद्यावरच्याच केस, 2012 ला 5-4, 2015 ला 6-3, आणि 2021 ला 7-2, त्यात परत टेक्ससच पुढे! प्रत्येक वेळी कायदा टिकला.

आमचा प्लॅन मात्र कोर्टाने नाही, किमतीने घालवला. 2021 पासून जादा सबसिडी होती, म्हणजे आपल्या भागातल्या बेंचमार्क (दुसऱ्या नंबरच्या स्वस्त) सिल्व्हर प्लॅनसाठी उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांपेक्षा जास्त भरावं लागायचं नाही. ती 31 डिसेंबर 2025 ला संपली. त्यावरूनच आधी भांडण होऊन केंद्र सरकारचं कामकाज 43 दिवस बंद राहिलं आणि निघालं काय तर काहीच नाही. आता 2026 साठी दोघांच्या घराला वर्षाच्या उत्पन्नावर 84,600 डॉलरची रेघ आहे, त्याच्या एक डॉलर वर गेलात की सबसिडी शून्य. आम्ही थोडेसेच वर. त्यात पन्नाशी ओलांडलेली, आणि वयाप्रमाणे तिपटीपर्यंत प्रीमियम लावायला परवानगी आहे इन्शुरन्स कंपन्यांना. सिल्व्हरचा नवा आकडा बघून मी लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस उघडलाच नाही.

शेवटी सिल्व्हरच्या खालच्या पायरीचा ब्राँझ घेतला. डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) एवढं मोठं आहे की साधं आजारपण आपल्याच खिशातून. एकच बरं, 2026 पासून मार्केटप्लेसच्या सगळ्या ब्राँझ प्लॅनबरोबर एचएसए (औषधपाण्याच्या खर्चासाठीचं बचत खातं) उघडता येतं, तिथे टॅक्स न लागता पैसे टाकून ठेवतोय.

इन्शुरन्स कंपनीचं नाव घेत नाही पण त्यांच्या डॉक्टरांच्या डिरेक्टरीवर अजिबात विसंबू नका. नवऱ्याचा शुगरचा डॉक्टर इन-नेटवर्क, म्हणजे प्लॅनमध्ये धरलेला, दिसत होता, गेलो, आणि महिन्याने पूर्ण बिल घरी. अपील, फोन, होल्डवरचं ते म्युझिक, दोन महिने गेले. आता मी आधी दवाखान्याच्या बिलिंगवाल्या बाईंनाच प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवते.

प्लॅनला 5 पैकी 4, किमतीला 1. आणि सबसिडी आगाऊ (दर महिन्याच्या प्रीमियममधून वजा करून) घेत असाल तर उत्पन्न नीट लिहा, 2026 पासून जास्तीची आलेली सगळी परत भरावी लागणार, आधीसारखी मर्यादा नाही. आम्ही आगाऊ घेतलीच नाहीये. नवरा यंदा डिसेंबरची बिलं जानेवारीत पाठवणार आहे, म्हणजे ते पैसे पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात धरले जातील, रेघेच्या खाली राहिलो तर टॅक्स भरताना मागू.