मिडलसेक्सच्या अपिलांचा ऑनलाइन संग्रह : साताऱ्यातून घेतलेला अनुभव

आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात पलटणीत गेले, ते परतले नाहीत. त्यांचा माग काढता काढता मी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरील मिडलसेक्स (लंडनलगतचा तेव्हाचा परगणा) अपील न्यायाधिकरणाच्या दप्तरापर्यंत पोहोचलो. गेला महिनाभर रोज रात्री तेच वाचतो आहे.

ब्रिटनमध्ये जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला आणि मे महिन्यात विवाहित पुरुषही त्याच्या कक्षेत आले. ज्याला सूट हवी त्याने आधी स्थानिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा आणि तिथे दाद लागली नाही तर वर अपील करायचे, अशी रीत होती. युद्धानंतर ही कागदपत्रे नष्ट करण्याचे ठरले. नमुन्यादाखल राखले गेले ते मिडलसेक्सचे आणि स्कॉटलंडमधील एक दप्तर. मिडलसेक्सची ११ हजारांहून अधिक प्रकरणे नाव, ठिकाण, व्यवसाय आणि अपिलाचे कारण यांवरून शोधता येतात व मूळ कागदांच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. ही सोय मला फार मोलाची वाटते.

विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून लढण्यास नकार देणारे त्यांत जेमतेम ५ टक्के आहेत. बाकीची बहुतेक गाऱ्हाणी प्रपंचाची आहेत : दुकान कोण चालवील, घरच्यांचे पोट कसे भरेल, आजारी शरीर किती तग धरील. चार भाऊ आधीच युद्धात कामी आलेल्या एका तरुणाचे प्रकरण उघडले, त्या रात्री मला पुढे वाचवले नाही.

हाताने लिहिलेले अक्षर लावायला वेळ लागतो. मी काही पाने जवळच्या एका दुकानात छापून घेतली, तर कागदाचा पिवळेपणा काळा उतरून ओळीच बुडाल्या; त्यामुळे पडद्यावर मोठे करून वाचणेच बरे.

आपल्याकडे हिंदी शिपायांची भरती कायद्याने ऐच्छिक होती, म्हणून दाद मागायला असे न्यायाधिकरणही नव्हते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या ४६ जवानांचे स्मारक आहे, पण त्यांच्या आयांनी मुलाला निरोप देताना काय म्हटले, ते सांगणारे असे दप्तर माझ्या पाहण्यात नाही. आमच्या घरात पणजोबांच्या आईचा एकही शब्द कागदावर उरलेला नाही.

ज्यांचे कोणी मिडलसेक्सचे नव्हते त्यांनी नावाने शोधू नये. न्हावी, खाटीक, पाववाला असा एखादा व्यवसाय इंग्रजीत घालून सुरुवात करावी आणि एका बैठकीत दोन-तीनच प्रकरणे वाचावीत.