कुस्को की तिवानाकू? आंदीजमधला सूर्योत्सव कुठे पाहावा

आपल्याकडे मृगाच्या सरींबरोबर छत्र्या बाहेर निघतात, तेव्हा दक्षिण गोलार्धात ऐन हिवाळा असतो. २१ जूनच्या सुमारास आपला दिवस वर्षातला सर्वात मोठा, तर तिथला सर्वात लहान. लांब गेलेला सूर्य तिथून पुढे परतू लागतो, म्हणून आंदीज पर्वतातील मूळ रहिवासी त्याचा उत्सव करतात. त्यासाठी एकच प्रवास करणे शक्य असेल, तर निवड बहुधा दोन ठिकाणांत करावी लागते: पेरूमधील कुस्को येथील ‘इंती रायमी’ आणि बोलिव्हियातील तिवानाकू येथील ‘विल्काकुती’.

कुस्कोचा सोहळा २४ जूनला, दिवसाउजेडी आणि आखीवरेखीव पद्धतीने होतो. सकाळी कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या, म्हणजे स्पॅनिश लोकांपूर्वी इथे राज्य करणाऱ्या इंकांच्या काळातील भिंतींपाशी तो सुरू होतो (त्याच भिंतींवर स्पॅनिश लोकांनी मठ उभारला, हे तिथे उभे असताना नजरेआड होत नाही), मग मिरवणूक मुख्य चौकात येते आणि दुपारी शहरावरील साक्सायवामान या अजस्र शिळांच्या गढीवर मुख्य विधी होतात. पालखीतून आलेला इंका (सम्राटाच्या भूमिकेतला नट) सूर्यापुढे मक्याच्या चिचा या पेयाचा पेला उंचावतो, पवित्र अग्नी पेटतो, आणि लामा या उंटाच्या जातकुळीतल्या प्राण्याचा बळी देऊन पुरोहित शकुन सांगतो; हा बळी मात्र केवळ अभिनयाचा असतो. स्पॅनिश राजवटीने बंद पाडलेला हा उत्सव १९४४ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यासाठी इंका आईचा मुलगा असलेला इतिहासकार गार्सिलासो दे ला वेगा याने १६०९ च्या आपल्या ग्रंथात केलेले वर्णन आधाराला घेतले गेले, आणि फाउस्तिनो एस्पिनोसा नावारो यांनी क्वेचुआ भाषेत संहिता लिहून इंकाची भूमिकाही स्वतःच केली. थोडक्यात, हे भव्य नाट्य आहे, आणि ते नाट्य म्हणूनच पाहावे. संवाद क्वेचुआत असल्याने कथानक आधी वाचून गेलेल्यालाच त्यात गोडी वाटते. गढीवरील आसनांना तिकीट लागते. पहिले दोन टप्पे मात्र, गर्दीत उभे राहण्याची तयारी असेल तर, विनामूल्य पाहता येतात.

तिवानाकूला संहिता नाही, पालखी नाही. ला पास शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर, जवळपास ३,८५० मीटर उंचीच्या पठारावर, इंकांच्याही कित्येक शतके आधीच्या नगरीचे हे अवशेष आहेत. २१ जूनच्या पहाटे, तापमान शून्याखाली असताना, लोक घोंगड्या लपेटून कालासासाया मंदिराच्या परिसरात ताटकळत उभे असतात. शेकोट्या धुमसत असतात, कोकाची पाने अर्पण होतात, आणि क्षितिजावर पहिला किरण दिसताच सगळे हात तळवे पुढे करून वर जातात. ऊन तळव्यावर घ्यायचे, एवढाच तो क्षण. या पठारावरील मूळ रहिवासी असलेल्या आयमारा लोकांचे नवे वर्षही तेव्हाच लागते; २०२४ साली ते ५५३२ वे होते. हा आकडा १४९२ (कोलंबस अमेरिकेत पोहोचला ते वर्ष) पूर्वीची ५,००० वर्षे आणि त्यानंतरची वर्षे अशी बेरीज करून येतो, त्यामुळे त्यात इतिहासापेक्षा स्वाभिमानाचा भाग अधिक आहे. बोलिव्हियात २००९ पासून या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते आणि राजकीय रंगही पुष्कळ दिसतो, तरीही पाहुण्याला प्रेक्षक म्हणून वेगळे बसवले जात नाही, हे मला मोलाचे वाटते.

मुले किंवा वयस्कर आई-वडील बरोबर असतील, तर कुस्को निःसंशय सोयीचे. तिथे हॉटेले भरपूर आहेत, सोहळा उन्हात होतो आणि शहराची उंचीही सुमारे ३,४०० मीटर, म्हणजे तुलनेने कमी आहे. विरळ हवेचा त्रास दोन्हीकडे होतोच, त्यामुळे दोन-तीन दिवस आधी पोहोचून शरीराला सवय लागू द्यावी. एकट्याने किंवा मित्रांसोबत जाणाऱ्याने मात्र थंडी सोसून तिवानाकू निवडावे, असे माझे मत आहे. हाती आठवडा असेल, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही: २१ ची पहाट तिवानाकूत घालवून तितिकाका सरोवराच्या बाजूने बसने निघाल्यास २४ च्या आत कुस्को गाठता येते. फक्त दोन्ही देशांच्या व्हिसाचे नियम वेगवेगळे असल्याने ते तिकिटे काढण्यापूर्वी तपासून घ्यावेत.