पटाशीच्या दाताची काढती कवळी : आठ महिन्यांचा अनुभव

जन्मतःच माझा डावीकडचा ओठ आणि टाळू दुभंगलेला होता. दोन्ही लहानपणीच शिवले गेले, परंतु हिरडीतली फट तशीच राहिली आणि तिला लागून असलेला दुसरा पटाशीचा दात कधी आलाच नाही. तो किडून पडला असावा, असे घरचे समजत. अशा मुलांमध्ये नेमक्या याच जागी दाताचा अंकुर अनेकदा धरत नाही, हे मला तिशीनंतर गोव्यातल्या बांबोळीच्या दंत महाविद्यालयात एक्स-रे पाहताना कळले. फटीपासून दूर असलेली वरची एक उपदाढही त्यात नव्हती.

इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायला तिथे हाडच नाही. कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढून फटीत भरण्याची शस्त्रक्रिया साधारण ८ ते ११ या वयात, सुळा खाली येण्यापूर्वी करतात; ज्यांची मुले आज त्या वयाची आहेत, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना अवश्य विचारावी, कारण माझ्या आईवडिलांना ती कुणी सांगितली नाही. ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेल्या पक्क्या दातासाठी, ते चांगले दात घासावे लागले असते, म्हणून मी तारेचे आकडे असलेली काढती कवळी घेतली.

पहिली कवळी एका खासगी दवाखान्यात केली. ती टाळूवरच्या व्रणावर टेकत असे आणि दुपारपर्यंत तिथे लाल वळ उठे. दोनदा घासूनही फरक पडला नाही, तेव्हा नवे माप देऊन दुसरी करून घेतली. हीच मी आठ महिने वापरते आहे. मी साखळीजवळच्या मराठी शाळेत शिकवते. पहिले दोन आठवडे ‘स’ म्हणताना शिट्टी वाजे, म्हणून रोज संध्याकाळी पहिलीचे पुस्तक मोठ्याने वाचत बसले. आता ‘ससा’ स्वच्छ येतो, आणि फळ्याकडे तोंड करून बोलण्याची माझी जुनी सवय सुटली आहे.

खाण्याच्या बाबतीत मात्र मर्यादा आहेत. भात, हुमण (माशांची आमटी), मऊ पाव यांना अडचण नाही. जत्रेतले खाजे समोरच्या दातांनी फोडता येत नाही आणि दोदोल ही गोड मिठाई कवळीला अशी चिकटते की ती जागची उचलते. टाळू उथळ आणि व्रणाचा असल्यामुळे पकड मुळातच कमी आहे. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवते. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो. गेल्या महिन्यात डावा आकडा सैल झाला, तो घट्ट करून आणायचा आहे.