‘शंभर टक्के बोअर’ म्हणून घेतलेल्या शेळ्या आणि बुडालेले ४,५३,६०० रुपये

पैदाशीच्या शेळ्यांचा जो व्यापार सध्या मोबाईलवरच्या चित्रफितींवर चालतो, त्यात माझे ४,५३,६०० रुपये गेले. ६२ किलोचा एक बोकड आणि मिळून १९० किलोच्या पाच माद्या, जिवंत वजनावर १,८०० रुपये किलो, असा हिशेब होता. गाडीभाडे ९,००० रुपये वेगळे. ‘शंभर टक्के बोअर (मांसासाठी पाळली जाणारी दक्षिण आफ्रिकेची शेळी), नोंदणीकृत’ असा शिक्क्याचा दाखला आणि तीन महिन्यांची करडे १,००० रुपये किलोने परत घेण्याचा स्टॅम्पपेपरवरचा करार हातात पडल्यावरच मी पैसे दिले, त्यामुळे ‘हावेपायी गेले’ असे म्हणणाऱ्यांचे मी ऐकून घेणार नाही.

दाखल्यावर एका मादीचे वय नऊ महिने लिहिले होते आणि तिला दोन पक्के दात आलेले मी स्वतः पाहिले. शेळी वर्षाची झाल्याशिवाय दोनदाती होत नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मी विचारलेही, ‘परदेशी जात आहे, दात लवकर येतात’ असे विक्रेत्याकडून उत्तर मिळाले, आणि त्याच शेळ्यांसाठी पैसे घेऊन आलेले म्हणून तिघे जण शेजारी उभे होते. व्यवहार तिथेच मोडायला हवा होता, हे आठवले की आजही रात्री झोप लागत नाही. ते तिघे विक्रेत्याचीच माणसे होती, हे पुढे कळले.

माद्या व्याल्या तेव्हा काही करडे पूर्ण काळी निघाली, म्हणजे रक्तात उस्मानाबादीसारखी इथली काळी जात होती. बोअरची खूण समजले जाणारे तांबडे डोके आणि पांढरे अंग संकरित शेळीलाही असते. रंगावर पैसे मोजू नका. कानातला बारा अंकी बिल्ला जनावराची ओळख पटवतो, जातीची शुद्धता नव्हे. कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ही सरकारी संस्था जातींची नोंदणी करते, कोणाच्या गोठ्यातल्या एकेका बोकडाची नाही. तेव्हा ‘नोंदणीकृत’ म्हणणाऱ्याला कोणाकडे नोंदणी झाली, हे आधी विचारा.

परतखरेदीच्या वेळी ‘मागणी उतरली’ एवढेच उत्तर मिळाले आणि नंतर फोन बंद झाला. ही मागणी खाणाऱ्यांची नव्हतीच, नव्याने शेड बांधणाऱ्यांची होती. शेळी पाच महिन्यांत विते, बहुधा जुळी देते, आणि आजचा प्रत्येक गिऱ्हाईक वर्षभरात विक्रेता होतो. नवे गिऱ्हाईक थांबले की भाव खाटकाच्या काट्यावर येतो आणि खाटीक दाखला पाहत नाही. माझी आठ करडे, १६० किलो, ३८० रुपयांनी ६०,८०० रुपयांना गेली. करारानुसार १,६०,००० व्हायला हवे होते. कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडचे शेतकरी अशाच परतखरेदीच्या आश्वासनावर बुडाले होते, तरी एकाही कार्यालयाला त्याची आठवण नाही.

पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून बोळवण झाली. खोटा दाखला, खोटे वय, खोटी जात, यात दिवाणी काय आहे? पशुसंवर्धन विभाग म्हणतो, आमचे काम लसीकरणाचे. बाजार समिती म्हणते, व्यवहार आवाराबाहेरचा. ‘व्यापारी खरेदी’ म्हणून ग्राहक आयोगाची वाटही अनेक जण बंद समजतात, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सूट आहे. ती वाट सोडू नका. रोख पैसे तर देऊच नका. बँकेतून दिलेले २,००,००० रुपयेच आज मला कागदावर दाखवता येतात.

ठाणे तक्रार घेत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा. मी पाठवली आहे. अशाच दाखल्यावर आणि करारावर ज्यांनी पैसे दिले आहेत, त्यांनी आपापल्या जिल्ह्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.