पोरीसाठी एअर रायफल घेतली, आधी वजन बघा मग रंग
शनिवारी सोलापुरातल्या एका दुकानातून .१७७ ची (म्हणजे साडेचार मिमी छऱ्याची) एअर रायफल घेतली, पोरगी आठवीत आहे आणि १० मीटरवरच्या नेमबाजीचा नाद लागलाय. दुकानदार माणूस चांगला, चहा पाजला, पण सारखं एकच, जड घ्या साहेब, जड बंदूक हलत नाही. खरंय ते, पण पूर्ण नाही. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत चालते म्हणून सगळ्यांनी तेवढीच घ्यायची का ओ? पोरीनं मोठी उचलली, दहा मिनिटात कंबर मागं वाकली आणि डावा हात थरथरायला लागला, मग चार किलोच्या आतली घेतली. बट (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) तिच्या मापाला बसतो आणि पुढून जड वाटत नाही, हे लई महत्त्वाचं.

परदेशात डोंगरात शिकार करणारे तीन किलोच्या आसपासची बंदूक बघतात कारण दिवसभर खांद्यावर वाहायची असते, पण हलकी असली की धक्का जास्त आणि नेमही हलतो. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंदच, त्यामुळं तो हिशोब इथं लावू नका.

ट्रिगर जरा कडक वाटला. कव्हर वेगळं विकत घ्यावं लागलं, ते मात्र पटलं नाही. ५ पैकी ४.